सोमवारची हजेरी

आमच्या डॉक्टरांच्या नावाने साडेचार वर्षं मी तास केले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान, दिग्विजय. विट्यात खाली त्यांचा दवाखाना आणि वर आमचं राहणं. एमडी मेडिसिन असल्यामुळे शुगर, छाती, मूत्रपिंड, न उतरणारा ताप, असलं सगळं त्यांच्याकडे येतं. डॉक्टरकी चालू ठेवायची तर दर पाच वर्षांनी कौन्सिलला पॉइंट दाखवावे लागतात, की बाबा शिक्षण चालू आहे. पूर्वी त्यासाठी ते सांगलीला नाहीतर पुण्याला परिषदांना जायचे. मग ते सगळं लॅपटॉपवर आलं. दर सोमवारी दुपारी दोन ते चार.

"दोन ते चार मी वर बसलो तर खालचे पेशंट कोण बघणार? बाळासो?" ते म्हणाले. बाळासो आमचे कंपाउंडर. "तू नुसती समोर बस. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक चौकट येते, तुम्ही अजून आहात ना, असं विचारते. तेवढं बटण दाबायचं. शेवटी दहा प्रश्न. अडलं तर खाली विचारायला ये."

मी सांगलीला बीएस्सी केलेली. इंग्रजी समजतं. आणि वाती वळायला मला एका जागी बसावं लागायचंच.

चातुर्मासात माझा लक्षवातींचा नेम असतो, आणि दुपारी बारापासून दिवेलागणीपर्यंत मौन. दोन्ही सासूबाईंनी दिलेले. मौनात लिहून सांगायचं नाही, खुणाही करायच्या नाहीत. "हात बोलले तरी ते बोलणंच," असं त्या म्हणायच्या. त्यामुळे दुपारी मला कुणी हाक मारत नसे. देवघराशेजारच्या खोलीत रेंज चांगली येते, तिथे पाट मांडून मी बसायचे. कापूस ओढायचा, बोटाला भस्म लावायचं, वात वळायची, परातीत टाकायची. समोर कुणीतरी मोठे डॉक्टर हृदयाबद्दल सांगत असायचे. चौकट आली की भस्माच्या बोटाने बटण दाबायचं. त्या बटणावर कायमचा पांढरा डाग पडला होता.

प्रश्न विचारायला मी एकदाही खाली गेले नाही. दहापैकी दहा. डॉक्टर जेवताना चेष्टा करायचे, "आमच्या घरात एमडी एकच, पण तो मी नव्हे." प्रमाणपत्रं त्यांच्या नावाने यायची. मी ती छापून फाइलला लावायचे. चार चांगली बघून बाळासोंनी फ्रेम करून खाली भिंतीला टांगली.

मला यात पाप वाटलं नाही. एखाद्याच्या नावाने अभिषेक करतो, तसंच वाटायचं.

यंदाच्या श्रावणातला पहिला सोमवार. उपास होता. सकाळी रेवणसिद्धाच्या देवळात जाऊन आले होते. दोन वाजता तास सुरू झाला. पडद्यावर सगळ्या डॉक्टरांच्या नावांच्या छोट्या चौकोनी पाट्या असतात. कॅमेरा कुणी लावत नाही, म्हणून सगळ्या काळ्या. मी आमची पाटी शोधली आणि त्याच नावाची दुसरी पाटी दिसली.

तिचा कॅमेरा चालू होता.

तिच्यात एक स्टूल दिसत होतं. गोल, हिरव्या रेक्झिनचं. कडेला रेक्झिन फाटलेलं आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली. ती पट्टी मीच लावली होती. ते आमच्या तपासणीच्या खोलीतलं स्टूल होतं, पेशंटला बसायचं. मागे खिडकी, खिडकीतून आलेलं दुपारचं ऊन. स्टूल रिकामं.

मला वाटलं, यांनी खाली मोबाइलवर तास लावलाय. बरं वाटलं. हळूच जिना उतरून दाराच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. यांचा मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. स्टूलवर एक म्हातारबुवा बसले होते, शर्ट वर करून, आणि हे त्यांच्या पाठीला नळी लावून श्वास ऐकत होते.

वर आले. चौकोनात स्टूल रिकामंच होतं. ऊन मात्र तेच होतं, अगदी त्याच फरशीवर.

चार वाजेपर्यंत मी त्याकडे बघत बसले. वाती झाल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावून मौन सोडलं तेव्हा विचारलं, "अहो, तुम्ही खाली तो तास लावता का?"

"मी? मग तू कशाला बसतेस?"

चौकोनाचं मी सांगितलं नाही. असल्या गोष्टी बोलून टाकल्या की त्यांना घर मिळतं.

दुसऱ्या सोमवारी स्टूलवर माणूस होता. पाठमोरा. अंगात पांढरा शर्ट, आणि त्या शर्टाच्या उजव्या बाहीला बारीक बारीक भोकं. विडीच्या ठिणग्यांनी पडतात तशी नव्हेत. ॲसिडच्या थेंबांनी पडलेली, कडा पिवळ्या झालेली. इकडच्या माणसाला ती भोकं लगेच ओळखू येतात. आमच्याकडची निम्मी घरं गलाईवर चालतात. देशातल्या कुठल्याही शहरात जा, जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारा माणूस विट्याकडचा निघेल. पण या बाहीवरचं मोठं भोक मी पूर्वी पाहिलेलं होतं, कोपराजवळचं, दिव्याच्या ज्योतीच्या आकाराचं.

ते नाथाजींचं होतं. नाथाजी वारून वर्ष झालं होतं.

कोइमतूरला त्यांचं गलाईचं दुकान. गेल्या वर्षी जूनमध्ये गावी आले तेव्हा पोटात कळा येतात म्हणून दोन-तीनदा दवाखान्यात आले. एकदा पाऊस लागला म्हणून मी त्यांना खाली चहा नेऊन दिला होता. दोन्ही हातांनी ग्लास धरून म्हणाले, "वैनी, च्या चांगलाच आसंल, पर माझ्या तोंडाला समदं नाण्यागत लागतंय बगा." आणि हसले. हसताना दातांच्या मुळाशी काळपट-निळं दिसलं. मला वाटलं, मिशेरी. तंबाखू भाजून दाताला घासायची ती मिशेरी. आणि खरं सांगते, माझ्या मनात थोडी नापसंती आली. यांनीही कागदावर लिहिलं होतं, 'मिशेरी बंद'. पोटाच्या गोळ्या दिल्या. सोनोग्राफीत काही नव्हतं. नाथाजी परत गेले. महिन्याभरात तिकडे कळा वाढल्या, तिथल्या लोकांनी पोट उघडलं, आत काही सापडलं नाही, मग झटके आले आणि त्यातच ते गेले.

चौकोनातला तो पाठमोरा माणूस हलत नव्हता. आपला नंबर आल्यावर माणूस बसतो ना, डॉक्टर कधी बघतात म्हणून, तसा बसला होता.

बुधवारी सकाळी नाथाजींच्या मंडळी, राहीबाई, बीपीच्या गोळ्यांना आल्या. देवाने धाडल्यासारख्या. मी त्यांना वर बोलावलं, राजगिऱ्याचा लाडू दिला. बोलता बोलता विचारलं, "राहीबाई, नाथाजीभाऊंना मिशेरीची सवय जुनी होती का हो?"

त्यांनी हातातला लाडू खाली ठेवला. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "त्यास्नी? आवं वैनी, मिशेरी म्या लावते! त्यांनी जल्मात तोंडाला लावली न्हाई. मलाच शिव्या द्यायचे, तुज्या तोंडाचा वास येतोय, लांब झोप म्हनून."

"मग त्यांच्या हिरड्या काळ्या कशानं?"

"काय की. भावजींच्या बी तशाच हायती." भावजी म्हणजे सिद्धू, नाथाजींचे धाकटे भाऊ. "दोघंच तर मागच्या खोलीत भट्टीला असायचे. शिसं घालून चांदी काढायची. त्या खोलीला खिडकी न्हाई का झरोका न्हाई. आता भावजी एकलेच असत्यात. त्यांचं बी पोट धरतंय म्हनं. सोमवारी येनार हायती, म्हनलं डाक्टरसाहेबांनाच दावा."

त्या गेल्यावर मी फाइल काढली.

'व्यवसायातून होणारी विषबाधा'. डॉ. दिग्विजय यांनी हा अभ्यास यशस्वीरीत्या पूर्ण केला. दहापैकी दहा. तारीख, गेल्या वर्षीची चौदा मे. नाथाजी आले जूनच्या पहिल्या आठवड्यात.

मला त्या तासातला शिशाचा भाग आठवला. पडद्यावर भलं मोठं तोंड होतं, कुणीतरी चिमट्याने ओठ वर धरलेला. गुलाबी हिरडीवर दातांच्या कडेकडेने शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी निळी रेघ. पोटात कळा, संडास साफ नाही, रक्त कमी, मनगट लुळं. तोंडाला धातूची चव. चुकून पोट उघडतात, असंही सांगितलं होतं. सातवा प्रश्न त्यावरच होता. मी बरोबर सोडवला होता. आणि वीस-बावीस दिवसांनी तीच रेघ माझ्यासमोर चहा पीत हसली, तर मी नाक मुरडलं.

संध्याकाळी दिवा लावल्यावर मी यांच्याजवळ जाऊन बसले. कागद पदराखाली होता.

"नाथाजींच्या हिरड्या तुम्ही पाहिल्या होत्या?"

"मिशेरीच्या होत्या."

"मिशेरी ते लावत नव्हते. शिशाची भट्टी होती त्यांची."

हे चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले. "वाती वळता वळता आता मेलेल्यांचं निदान करायला लागलीस?"

"सिद्धूभाऊ येणारेत सोमवारी. त्यांच्या तेवढ्या बघाल?"

"बघेन गं. माझ्या आई, बघेन." आणि पेपर वर धरला.

कागद दाखवायचं धाडस झालं नाही. तारीख त्यांनी वाचली असती, तर त्या रात्रीपासून त्यांना झोप लागली नसती. मला तरी कुठे लागत होती? देवापुढे बसलं की जप सुरू व्हायच्या आधी ती निळी रेघ दिसायची.

तिसरा सोमवार. अडीचच्या सुमाराला खाली जीप थांबल्याचं ऐकू आलं, मग कण्हणं, मग बाळासोंचा आवाज, "हळू, हळू आना रं." मी वाती वळत होते. चौकोनात नाथाजी अजून पाठमोरेच होते. पडद्यावर कुणीतरी रक्तदाबाच्या नव्या औषधांबद्दल सांगत होतं.

जिन्यातून खालचं बोलणं येत होतं. यांचा आवाज: "पोट कडक आहे. आतड्याला पीळ असू शकतो. सांगलीला सर्जनना फोन केलाय मी, थेट तिकडेच न्या. आज उघडून बघतील."

"आज?" हा राहीबाईंचा आवाज. "डाक्टरसाहेब, त्यांचं बी आसंच उगडलं हुतं…"

"म्हणून उशीर करायचा नाही."

त्याच वेळी चौकोनातल्या स्टूलवर नाथाजी वळले.

सावकाश, पोट धरून, दुखणारा माणूस वळतो तसे. चेहरा ओळखीचाच होता, फक्त फार दमलेला. माझ्याकडे म्हणावं तर माझ्याकडे, नाहीतर कॅमेऱ्याकडे, त्यांनी पाहिलं. मग बोटाने स्वतःचा वरचा ओठ उचलला.

रेघ होती.

चौकट आली. तुम्ही अजून आहात ना? मी बटण दाबलं. चौकट गेली आणि लगेच परत आली. दाबलं. परत आली. तिसऱ्यांदा मी दाबलं तेव्हा चौकट जागची हलली नाही. तिच्या मागे नाथाजी तसेच बसले होते, ओठ उचलून. शाळेत मास्तर येईपर्यंत हात वर धरून ठेवणाऱ्या पोरासारखे.

खाली जीप सुरू झाली.

सासूबाईंच्या फोटोला हात जोडले. परातीतल्या वाती तशाच टाकून जिना उतरले. बाहेरच्या बाकांवर दहा-बारा पेशंट होते. श्रावणात दुपारी मी बोलत नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सिद्धूंना जीपमध्ये आडवं करत होते.

"थांबा," मी म्हटलं.

माझाच आवाज मला परका वाटला.

"आगं आयाय," बाकावरची एक बाई म्हणाली, "ताईसाहेब बोलल्या!"

"सिद्धूभाऊंना खाली घ्या. अहो, त्यांचा ओठ उचलून बघा."

हे दारात आले. चेहरा लाल झालेला. "क्रांती, वर जा. ही वेळ आहे का?"

"तुम्ही बघेन म्हणाला होता."

"पाहिलं मी. मिशेरी आहे."

जीपमधून सिद्धू कण्हत म्हणाले, "न्हाई वो डाक्टरसाहेब. रेवणसिद्धाची शप्पत. मिशेरी बायामानसं लावत्यात. मी कवाच लावली न्हाई."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. यांनी खिशातून टॉर्च काढली. माझ्यावरच्या रागाने काढली असेल. जीपमध्ये वाकले, ओठ उचलला, कापसाच्या बोळ्याने हिरडी पुसली. परत पुसली. रेघ पुसली जात नव्हती. मग म्हणाले, "सिद्धू, दोन्ही हात पुढे कर. पंजे वर उचल, एस्टीला थांब म्हणतो तसे."

डावा पंजा उठला. उजवा मनगटातून खाली लोंबत राहिला.

यांनी टॉर्च विझवली. मग म्हणाले, "बाळासो, सर्जनला फोन लावा. म्हणावं, उघडायचं नाही. ॲडमिट करून घ्या, मी स्वतः येतोय." आणि तेच जीपमध्ये चढले.

सिद्धू वाचले. रक्तात शिसं निघालं, चांगलंच निघालं. पंधरा दिवस सांगलीला औषधं चालली. हाताला अजून पट्टी बांधतात, पण ग्लास धरतात. भट्टी बंद केली. राहीबाईंनी जावेला सोबत आणून तिच्या हातून माझी खणाची ओटी भरली, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या नवऱ्याच्या दुखण्याचा तास मी आधीच करून बसले होते हे त्यांना मी त्या दिवशी सांगितलं नाही. नंतर आम्ही दोघांनी जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. चहा ठेवला, आणि तो आम्ही घेतल्याशिवाय आम्हाला उठू दिलं नाही.

पण ते पुढचं. त्या रात्री हे सांगलीहून आले, हातपाय धुतले आणि विचारलं, "तुला कसं कळलं?"

मी पदराखालचा कागद पुढे केला. त्यांनी नाव वाचलं, विषय वाचला, तारीख वाचली. मग खाली जाऊन नाथाजींचा जुना केसपेपर काढून आणला, दोन्ही कागद शेजारी ठेवले, आणि जेवण झाकून ठेव म्हणाले.

पुढच्या सोमवारी दवाखान्याच्या दाराला बाळासोंनी पाटी लावली: सोमवारी दोन ते चार बंद. हे स्वतः लॅपटॉपसमोर बसले. मी मागे पाट घेतला. मौन मोडलं होतं, म्हणून नेम पुन्हा पहिल्या वातीपासून धरला होता. त्या चौकोनाबद्दल मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं काय, आणि कसं?

दहा मिनिटांनी ते म्हणाले, "क्रांती, हे माझ्या नावानं दुसरं कोण आहे?"

मी वात वळत राहिले.

"हे आपलं स्टूल आहे." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. दवाखान्याची किल्ली त्यांच्याच खिशात होती. त्यांनी ती बाहेरून चाचपली. स्टूल रिकामं होतं. नाथाजी नव्हते. मला वाटलं, सुटले. माझे हात जोडले गेले.

साडेतीनच्या सुमाराला खिडकीतल्या उन्हात सावली आली. कुणीतरी बाजूने येऊन स्टूलवर बसलं. पाठमोरं. हिरवं लुगडं, अंगावर शाल, मांडीवर नायलॉनची पिशवी. श्वास घेताना खांदे वर उचलले जात होते, दर वेळी.

हे पडद्याजवळ वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "तानुबाई."

तीन वर्षं झाली असतील त्यांना जाऊन. दम लागतो म्हणायच्या. हे म्हणायचे, मावशी, वय झालं.

"हिचा कुठला तास होता?" यांनी मागे न बघता विचारलं.

मी उठले. फाइल उघडली. साडेचार वर्षांचे कागद होते. एकेक उलटत गेले. हवा तो सापडला, 'हृदय थकल्याने लागणारा दम', तो त्यांच्या हाताशी ठेवला. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

पडद्यावर चौकट आली. तुम्ही अजून आहात ना?

"आहे," हे मोठ्याने म्हणाले, वर्गात हजेरीला म्हणतात तसं, आणि मग बटण दाबलं.